गिळलेलं गिरमिट

"मला डोळे बांधून या जंगलात सोडा," राविंग म्हणाला, "आणि इकडे चुलीवर भात ठेवा. भाताला उकळी यायच्या आत मी पानावर बसलेलो दिसेन."

हे तो बोलला नदीच्या धक्क्यावर, अर्धं गाव ऐकत असताना, आणि मुख्य म्हणजे वेनिंगबाई ऐकत असताना. वेनिंगबाई जावा बेटावरच्या, विद्यापीठात शिकवणाऱ्या. त्यांच्याबरोबर तुओमो नावाचा फिनलंडचा एक गडी होता. तो इतका उंच, की आल्या दिवसापासून आमच्या तुम्बांग रासाऊ गावातल्या झाडून सगळ्या चौकटींना त्याचं कपाळ भेटून आलं होतं. दोघं आले होते गावामागचं दलदलीचं जंगल खोलवर मोजायला. ते जंगल उभं होतं मातीवर नव्हेच. हजारो वर्षं पाण्यात पडून धड न कुजलेला पालापाचोळा, त्याचा थर, त्यावर ही झाडं. शिकलेले लोक त्या थराला पीट म्हणतात. थर तीन मीटरपेक्षा जास्त खोल निघाला तर जंगलाला हात लावायचा नाही, असा सरकारचा नियम. पामतेलवाली कंपनी म्हणायची, उथळ आहे. गाव म्हणायचं, खोल आहे. मोजलं कुणीच नव्हतं, त्यामुळे दोघांनाही आपापल्या म्हणण्याची पक्की खात्री होती.

राविंग पुढे निघाला. हातात कोयता, तोंडात सिगरेट. पाठोपाठ बाई, मग तुओमो, मग होडीवाला इसाक, आणि सगळ्यात मागे पाठीवर वेताची टोपली घेऊन नाहान. राविंग चालता चालता सांगत होता, हे झाड माझ्या आजानं लावलं, ते झाड माझ्या बापानं वाचवलं. थोड्या वेळानं एक आडवा पडलेला ओंडका लागला. मग दुसरा लागला. तिसऱ्या ओंडक्यावर तुओमोच्या बुटाचा ठसा होता.

"राविंगभाऊ," नाहान मागून हळूच म्हणाला, "हे झाड मगाशी पण भेटलं होतं आपल्याला."

"तो याचा भाऊ होता," राविंग म्हणाला, आणि पुढचं पाऊल टाकलं.

पाऊल जे गेलं ते गेलंच. पाठोपाठ गुडघा गेला, मांडी गेली, कंबर गेली. तुओमोनं एका काखेत हात घातला, नाहाननं दुसऱ्या, आणि मुळा उपटावा तसा त्याला वर ओढला. राविंग बाहेर आला. पँट आली नाही.

वेनिंगबाई सभ्यपणे एका नेच्याकडे बघत बसल्या. नाहाननं टोपलीतनं आपली लुंगी काढून दिली. त्या लुंगीवर राविंग गावात परतला तेव्हा भाताला उकळी येऊन, तो शिजून, खाऊन, भांडी घासून झाली होती. त्याची बायको लामियांग पायरीवर बसली होती. तिनं लुंगीकडे बघितलं.

"डोळे बांधून गेला होतास की पँट सोडून?" ती म्हणाली.

आता एवढ्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. पण राविंगचं नाक कापलं गेलं होतं, आणि नाक परत चिकटवायची घाई माणसाला कुठंही नेते. त्याला ती गिरमिटापाशी घेऊन गेली.

गिरमिट म्हणजे लोखंडाची एक लांबलचक वस्तू. टोकाला उभी चिरलेली नळी, वर एकाला एक जोडायचे दांडे, आणि सगळ्यात वर धरायला आडवी मूठ. दोघांनी मिळून खाली रेटायची, पिरगाळायची, वर ओढायची, मग नळीत खालची काळी खिचडी भरून येते. बाई ती डब्यात भरून ठेवायच्या, जसं काही लग्नातलं पक्वान्न. गिरमिट परदेशातनं आणलेलं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दांडा वरून घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा लावल्याशिवाय रेटायचं नाही आणि एकट्यानं तर अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जरा उंचवट्यावर मुळांवर बसून भात आणि आंबवलेले मासे खात होते. राविंग उठला. "आलोच," म्हणाला. त्याच्या मनात असं, की हे सगळे जेवून येईपर्यंत आपण एकट्यानं गिरमिट मुठीपर्यंत आत घालायचं. मंडळी येतील, बघतील, बाई तोंडावर हात ठेवतील. कालच्या पँटचा विषय संपेल.

जास्तीत जास्त खोल जावं म्हणून त्यानं जास्तीत जास्त मऊ जागा शोधली. दोन झाडांमध्ये काळ्या पाण्याचं डबकं होतं, तिथं. शिकंजा लावला नाही. शिकंजा दुबळ्यांसाठी असतो. पहिला दांडा गेला, दुसरा गेला, त्याला जोडला तो गेला. जमीन गिरमिट असं घेत होती जसं दात नसलेलं म्हातारं माणूस केळं घेतं. राविंगला हसू आलं. त्यानं कपाळाचा घाम पुसायला हात वर केला.

दोन्ही हात वर केले, ही चूक झाली.

गुळुक.

मूठ नव्हती. बुडबुडे होते. त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ढवळलं. हाताला एक बेडूक लागला, तोही रागावलेला. राविंग बराच वेळ तसाच पालथा पडून राहिला, गाल पाण्याला टेकवून. मग उठला. आजूबाजूला बघितलं. नेच्याची पानं तोडली आणि त्या डबक्यावर पसरली. का पसरली ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं; पाण्यावर काही खूण थोडीच उरणार होती! पण हात आपोआप चालले. मग तो जेवणाऱ्यांत जाऊन बसला आणि त्यानं भात मागून घेतला, कारण नाही घेतला तर शंका येईल.

"गिरमिट कुठाय?" हात धुऊन बाई म्हणाल्या.

"झाडाला टेकवून ठेवलं होतं," राविंग म्हणाला.

हे खोटं तोंडातनं इतकं सुरळीत बाहेर आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सगळे शोधायला लागले. राविंगही शोधायला लागला. त्यानं इतरांपेक्षा जास्त झुडपं हलवली.

इसाकचं डोकं बेताचं होतं, पण तोंड इंजिनासारखं, एकदा चालू झालं की बंद करायला दोरी ओढावी लागायची. तो म्हणाला, "मगाशी नाहान तिकडं गेला होता बरं का."

"लघवीला गेलो होतो," नाहान म्हणाला.

"एवढा वेळ?"

नाहान खाली बघायला लागला. "बसायलाही."

सगळे हसले. इसाक हसण्यावर स्वार झाला. "तुंदानआजोबांच्या तळ्यातला मासा आठवतोय ना? कुणी उचलला होता?"

"बारा वर्षांचा होतो मी. आणि तो मासा होता, लोखंड नव्हतं."

"सुरुवात माशापासनंच होते, भावा."

आता कुणी हसलं नाही. सगळे राविंगकडे बघायला लागले. वाट दाखवणारा तो, गिरमिट शेवटचं बघितलेला तो. वेनिंगबाईंनीही बघितलं. नाहाननंही बघितलं, आणि त्याच्या बघण्यात एक भरवसा होता, की हा आता काहीतरी बोलेल.

"हं," राविंग म्हणाला.

नुसतं हं. 'नाहाननं घेतलं' असं तो म्हणाला नाही. पुढे रात्रंदिवस तो मनातल्या मनात हेच घोकत राहिला, की मी असं म्हणालो नाही, मी फक्त हं म्हणालो, आणि हं म्हणायला कुणाची बंदी आहे? पण त्या हंमध्ये एक गिरमिट होतं, एक मासा होता, एक टोपली होती, आणि ते सगळं नाहानच्या पाठीवर चढवून त्याला घरी पाठवलं गेलं. त्या दिवसानंतर नाहानला कामावर कुणी बोलावलं नाही.

राविंगच्या नशिबात मात्र राजयोग उघडला. बाईंना वाटलं, एवढं नुकसान होऊन हा माणूस कुणावर आरोप करत नाही, तोंड शिवून बसलाय, किती मोठ्या मनाचा! त्यांनी त्याला पथकाचा प्रमुख केलं. पिवळं हेल्मेट दिलं. शहरातनं नवं गिरमिट आलं आणि त्याबरोबर एक भलामोठा फलकही आला, कापडी. त्यावर हेल्मेट घातलेला राविंग दूर कुठंतरी बघत होता आणि खाली छापलं होतं, 'जंगलाचा विश्वासू राखणदार'. फोटो काढायच्या वेळी राविंग दूर बघत होता कारण समोरून नाहानची बायको काम्बांग होडी वल्हवत चालली होती. फोटोवाला म्हणाला, वा, काय खोल नजर आहे!

फलक धक्क्यावर लागला. जाता-येता राविंगला स्वतःच्या तोंडाखालून जावं लागायचं.

नाहानचं घर तरंगतं होतं. जाड ओंडक्यांच्या तराफ्यावर बांधलेलं, नदीच्या वरच्या वळणावर काठाला बांधून ठेवलेलं. भंगारवाल्याची होडी आधी कधी तिथं थांबायची नाही. आता दर खेपेला थांबायची.

"वहिनी, काही लोखंड आहे का?"

"तुझ्या डोक्यात घालायला एक पातेलं आहे," काम्बांग आतनं ओरडायची. "थांब, आणते."

अख्खं गाव हे ऐकून हसायचं. राविंग घरी भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

"काय झालंय तुला?" लामियांग एकदा म्हणाली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "चार दिवस झाले, एक बात मारली नाहीस. अंगात ताप आहे?"

"काही नाही."

"परवा इसाक सांगत होता, त्यानं हाताएवढा मासा पकडला. तू म्हणालास, छान. छान? मी घाबरले रे. मला वाटलं आता तू मरणार."

राविंगनं पांघरूण डोक्यावर घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खरं असेल. पण पांघरुणाखाली चांदणं नव्हतं, बुडबुडे होते.

मग एका सकाळी वेगळंच घडलं. दुसऱ्या दिवशी राजधानीहून मोठे साहेब जंगल बघायला येणार होते आणि त्याआधी मोजणीच्या शेवटच्या जागा पुऱ्या करायच्या होत्या. इसाकच्या होडीत सगळे बसले. बाईंच्या सांगण्यावरून तो फलकही काढून होडीत टाकला होता, जंगलाच्या तोंडाशी लावायला. वरच्या वळणावर इंजिनाचा पट्टा सुटला. तिथं एकच घर होतं.

काम्बांगनं होडी बघितली, होडीतली माणसं बघितली, आत गेली आणि कॉफी घेऊन आली. प्रत्येकाला एक पेला. आल्यागेल्याला विचारायचं ही रीत, मग आलेला कितीही नालायक असो. पट्टा बसेपर्यंत सगळे ओट्यावर बसून प्याले. नाहान कोपऱ्यात जाळं विणत होता, मान वर न करता.

राविंगच्या पुढ्यात पेला आला. काळी, गोड, वाफाळलेली कॉफी.  या माणसाची कॉफी प्यायची? कुठल्या तोंडानं?

"पोट ठीक नाही," तो पुटपुटला आणि उठून होडीत जाऊन बसला.

ओट्यावर सगळ्यांचे पेले तोंडापाशीच थांबले. आमच्या नदीकाठी शेंबडं पोरही हे जाणतं. पुढ्यात आलेलं खाणंपिणं न शिवता उठायचं नाही. प्यायचं नसेल तर नको पिऊ, पण बोट लाव, ते ओठाला लाव, आणि मग खुशाल जा. नाही लावलंस तर कपुहुनान लागतो. साप चावतो, फांदी कोसळते, मगर ओढते. आणि नुसतं तुलाच नाही, तुझ्याबरोबरच्यांनाही.

"राविंग, बोट तर लावून जा," इसाक कुजबुजला.

"चल, उशीर होतोय."

"अरे, नुसतं बोट!"

"हेल्मेट कुणाच्या डोक्यावर आहे?" राविंग खेकसला. इसाकनं निमूट इंजिन चालू केलं.

वळण ओलांडलं नाही तोवर वारा आला आणि फलक उडून पाण्यात पडला. इंजिनानं एक आचका दिला आणि ते बंद पडलं. इसाकनं पंखा वर काढला तर विश्वासू राखणदाराचं तोंड त्याच्याभोवती चार वेढे गुंडाळलेलं. एक डोळा तेवढा वर दिसत होता, दूर बघत.

"सुरू झालं," इसाक म्हणाला.

मग वल्ही मारत गेले. उतरताना तुओमोचा डावा बूट दलदलीनं घेतला. तो काढायला वाकला तर उजवाही घेतला. मोजे घालून तो एका बुंध्यावर टेकला, ते लाल मुंग्यांचं घर निघालं. एवढा शांत माणूस फिनलंडच्या भाषेत असं काही ओरडला, की वरची माकडं गप्प झाली. नव्या गिरमिटाचा एक आटा झिजला. भाताचा डबा उघडला तर त्यात पाणी शिरलेलं. इसाक आणि होडीवरचे त्याचे दोन सोबती खाली बसले आणि हाताची घडी घातली.

"आता मी इथनं हलणार नाही," इसाक म्हणाला. "आधी यानं परत जाऊन ती कॉफी शिवायची."

"हे बघा," वेनिंगबाई म्हणाल्या, "वारा वाऱ्याच्या नियमानं येतो. मुंग्या कुठंही असतात. कॉफीचा आणि याचा संबंध काय? उद्या साहेब येणार आहेत. आपण शास्त्राचं काम करतोय, आणि शास्त्रात..."

वरनं एक कुजकी फांदी आली आणि त्यांच्या हातातलं, जागा दाखवणारं यंत्र घेऊन खाली गेली. दोन्ही पाण्यात गेली. बाई मोकळ्या हाताकडे बघत राहिल्या.

"जा, राविंग," त्या म्हणाल्या. "कॉफी पिऊन या."

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मी काही म्हणत नाहीये. तुम्ही फक्त जा."

"कॉफी... प्यावी," तुओमो पाय खाजवत म्हणाला. त्याची आमची भाषा अजून कच्ची होती. "माझे बूट, दोन. दोन्ही मेले."

राविंग एकटाच वल्हवत निघाला. उतारावरच्या प्रवाहानं होडी आपसूक चालली होती, आणि त्याला वाटत होतं ती जरा हळू जावी, अडकावी, फुटली तरी चालेल. गेल्या गेल्या पेला मागायचा, बोट बुडवायचं, चाटायचं, आणि निघायचं. बोलायचं काही नाही. नदीत काय कमी कॉफी वाहते? पाणी तसंच काळं. पण त्याला बोट लावून भागणार नव्हतं.

काम्बांग ओट्यावर मासे साफ करत होती. तिनं त्याला बघितलं. आत जाऊन तोच पेला घेऊन आली. वर बशी झाकलेली.

"ठेवलास?" राविंगच्या तोंडून गेलं.

"मग काय करू? फेकून देऊ?" ती म्हणाली. "तू जंगलात गेलास. तुझ्यावर झाड पडलं असतं, तर गाव म्हणालं असतं, काम्बांगनं कॉफी फेकली म्हणून मेला. आधीच चोर झालोय. आता खुनी पण होऊ? सकाळपासून त्या पेल्याला मांजरापासून राखत बसलेय मी."

तिनं पेला त्याच्यापुढे ठेवला. राविंगनं बशी काढली. कॉफी गार होती, वर साय धरल्यासारखा एक पापुद्रा. त्यानं बोट बुडवलं, ओठाला लावलं. मग पेला उचलला आणि सगळी प्याला, तळाच्या गाळासकट. दातांत गाळ अडकला. नाहान कोपऱ्यातनं बघत होता.

"झालं?" नाहान म्हणाला. "आता जा, लोक खोळंबले असतील."

"नाहान," राविंग म्हणाला. "गिरमिट मी बुडवलं."

काम्बांगच्या हातातला सुरा थांबला.

"मऊ जागेत घातलं. हात सोडले. गेलं. वरनं पानं टाकली."

नाहाननं जाळं मांडीवर ठेवलं. "पानं कशाला?" तो म्हणाला.

"माहीत नाही."

"तुला माहितीय, रात्री ही माझा पाय खांबाला बांधायची?" नाहान बायकोकडे बोट दाखवून म्हणाला. "मीच म्हणालो होतो बांध. म्हटलं, सगळं गाव म्हणतंय, तू हं म्हणालास, म्हणजे काहीतरी असेल. कदाचित मी झोपेत उठून चोरत असेन. मासा उचलला तेव्हाही मला नीट आठवत नव्हतं, मी का उचलला." तो हसला, पण ते हसू धड वर आलं नाही. "एका रात्री बाहेर जायला म्हणून उठलो नि खांबासकट आडवा झालो. हे बघ." त्यानं हनुवटी वर केली. खाली खरचटल्याचा डाग होता.

राविंगला वाटलं, दलदलीनं त्या दिवशी कंबरेशी थांबायला नको होतं.

"मला मार," तो म्हणाला.

"मारून काय करू? मला हाताला लागेल." नाहाननं जाळं परत उचललं. "तू हं सगळ्यांसमोर म्हणालास. आता उरलेलं पण सगळ्यांसमोर म्हण."

गावात रीतभात बघायला तुंदानआजोबा होते. तेच ते, ज्यांच्या तळ्यातला मासा गेला होता. मंडळींना जंगलातनं परत आणून राविंग त्यांच्यासमोर जाऊन बसला तेव्हा ते पानसुपारी कुटत होते.

"दंड एक डुक्कर, आणि सगळ्यांचं जेवण," ऐकून ते म्हणाले. "आणि ज्याच्यावर आळ आला त्याच्या घरात बसून, गावादेखत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं. काही गाळायचं नाही."

"आजोबा, थोडक्यात सांगितलं तर?"

"गिरमिट थोडक्यात बुडवलं होतंस?"

साहेब लोक दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. त्यांना दुसरीकडे कुठंतरी भाषण होतं. त्यामुळे वेनिंगबाई आणि तुओमोही मोकळे होते. दुपारी अख्खं गाव नाहानच्या तरंगत्या घरावर चढलं. ओटा भरला, आत भरलं, मागची बाजू भरली, पोरं छपरावर चढली. तराफा पाण्यात इतका खाली गेला की कडेला बसलेल्यांचे पाय भिजत होते. डुक्कर भाजून तयार होतं. इसाक सगळ्यात पुढे बसला होता, कारण त्याचाही यात हात होता आणि त्याला वाटत होतं पुढे बसलं की कुणाला ते आठवणार नाही.

राविंग मधे बसला. हेल्मेट बाईंना परत केलं होतं. डोकं उघडं पडल्यासारखं वाटत होतं.

"त्या दिवशी," त्यानं सुरुवात केली, "मी गिरमिट आत घातलं. खरं सांगायचं तर एवढं खोल एकट्यानं आजवर कुणी..."

"राविंग!" लामियांग मागनं ओरडली.

"हां. हात सोडले. गेलं."

"खाली टेकलं?" तुओमोनं एकदम विचारलं. त्याचे डोळे चमकत होते. "आवाज आला? की... आला नाही?"

"आवाज? गुळुक आला."

"गुळुक! मग टेकलं नाही!" तुओमो बाईंकडे वळला, आणि दोघं भराभरा हिशोब करायला लागले. दांडे एवढे, मूठ एवढी, म्हणजे तिथं तीन मीटर कधीच ओलांडले, दुपटीनं ओलांडले. बाईंचा चेहरा उजळला. "राविंग, ती जागा दाखवाल ना? आपल्याकडची सगळ्यात खोल जागा आहे ती!"

"बाई," राविंग कळवळून म्हणाला, "मला आधी नीट लाज वाटू द्या ना."

"गप्प बसा तुम्ही दोघं," तुंदानआजोबा म्हणाले. "चालू दे रे."

राविंगनं पानं सांगितली. बेडूक सांगितला. भात मागून घेतला ते सांगितलं, तेव्हा बायकांमधनं 'शी' असा आवाज आला. झाडाला टेकवल्याचं खोटं सांगितलं. मग इसाकचं बोलणं सांगितलं, तेव्हा इसाकनं खाली बघून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्यानं चपला घातल्या होत्या. आणि मग राविंग थांबला.

"पुढे?" आजोबा म्हणाले.

"मग मी म्हणालो."

"काय म्हणालास?"

"हं."

"ऐकू आलं नाही," छपरावरनं कुणीतरी म्हणालं.

"कसं म्हणालास? तसंच म्हणून दाखव," काम्बांग म्हणाली. ती दारात उभी होती, हात कमरेवर. "खोटं नको करूस. जसं म्हणालास तसं."

राविंगनं मान वर केली. नाहानकडे बघितलं. त्या दिवशी बघितलं नव्हतं, आज बघावं लागलं. नाहानच्या हनुवटीखालचा डाग दिसत होता.

"हं," राविंग म्हणाला.

 एवढंसं होतं ते. हवेत ठेवलं तर दिसलंही नसतं. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक बाई हात तोंडाला लावून रडायला लागली. तिनंच भंगारवाल्याला वरच्या वळणावर पाठवलं होतं. राविंगच्या कानशिलापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत आग झाली. त्याला कळलं, की आता यापुढे तो कुणाला कितीही मोठा मासा सांगो, लोकांना आधी हे ऐकू येणार.

"पुन्हा," नाहान शांतपणे म्हणाला.

"हं."

एवढ्या वजनानं काठाकडचा दोर तुटला होता, आणि मागोमाग दुसराही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे राविंगकडे बघत होते. घर वळणावरनं खाली गेलं, धक्क्यापुढून गेलं आणि प्रवाहाबरोबर जाऊन लाहुंग गावाच्या बाजारघाटाला लागलं. तिथं त्या दिवशी बाजार होता. लाहुंगच्या लोकांनी विचारलं, काय चाललंय? तुंदानआजोबांनी सांगितलं, बसा, आणि राविंगला पहिल्यापासून सांगायला लावलं.